सुट्टी झाल्यानंतरची सिस्टर

दिवाळीच्या तोंडावर वर्धा जिल्ह्यात कापूस फुटलेला असतो, सोयाबीन निघत असते आणि घरातला एकही हात रिकामा नसतो. नेमकी याच दिवसांत कुणाच्या तरी दवाखान्याच्या कार्डावर तारीख पडलेली असते. आष्टी तालुक्यातल्या एखाद्या गावाहून सेवाग्रामला किंवा सावंगीला तारखेवर यायचे, तर अंधार असतानाच निघावे लागते. आधी ऑटोने फाट्यावर, फाट्यावरून एस.टी.ने आर्वी, आणि आर्वीहून पुढे पन्नासेक किलोमीटर वर्धा. रुग्ण म्हातारा असला की सोबत एक माणूस लागतोच. दोघांची मजुरी बुडते, तिकिटाचे पैसे जातात, डबा बांधावा लागतो. ओपीडीत नंबर लागेपर्यंत दुपार होते. मग डॉक्टर कार्ड पाहतात, छातीला नळी लावतात आणि म्हणतात, 'याच गोळ्या चालू ठेवा, महिन्याने या.'

या पाच मिनिटांसाठी वेचणीचा एक दिवस मोडायचा का, हा प्रश्न त्या घरापुढे दर महिन्याला असतो. पहिल्या महिन्यात येतात. दुसऱ्या महिन्यात गोळ्या गावाजवळच्या मेडिकलमधून घेतात. तिसऱ्या महिन्यात, बरे वाटते आहे म्हणून, घेतच नाहीत. पुढे कधीतरी मध्यरात्री १०८ची गाडी बोलवावी लागते.

जिल्ह्यात आठ तालुके आहेत, २०११च्या जनगणनेप्रमाणे तेरा लाखांवर लोकसंख्या आहे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन्ही मोठी रुग्णालये मात्र वर्धा शहराला लागून. वैद्यकीय महाविद्यालयांच्या बाबतीत हा जिल्हा राज्यातल्या अनेक जिल्ह्यांपेक्षा भाग्यवान, पण हे भाग्य जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात साठलेले आहे. दवाखान्यातून सुट्टी झाल्यापासून पुढच्या तारखेपर्यंतच्या दिवसांत रुग्णाकडे कोण पाहते? घरचे पाहतात, आशाताई डोकावतात. आणि आता बहुतेक घरांत फोन आला असल्याने आणखी एक माणूस त्यात आले आहे: वॉर्डातली सिस्टर, नाहीतर उपकेंद्रातली नर्सबाई. तिचा नंबर कार्डाच्या मागे पेनने लिहून घेतलेला असतो. या फोनवरच्या शुश्रूषेबद्दल मला लिहायचे आहे, कारण ती रोज घडते आणि तिची मोजदाद जवळजवळ कुठेच होत नाही.

दुरून शुश्रूषा करणे सेवाग्रामला नवे नाही. गांधीजी १९३६मध्ये इथे राहायला आले. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात थेट संपर्कासाठी बसवलेला टेलिफोन आश्रमात आजही पाहायला मिळतो. तो राजकारणासाठी होता. आजारपणाचा कारभार चाले तो टपालाने. गांधीजींच्या पत्रव्यवहारात पथ्यपाणी, मातीच्या पट्ट्या, उपास, एनिमा यांच्या सूचना पानोपानी आहेत. अमुक खाल्ले का, शौचाला कसे झाले, झोप लागते का, असे विचारून पुढच्या पत्राची ते वाट पाहत. त्यांचे सगळेच उपचार आजच्या वैद्यकशास्त्राला पटणार नाहीत. तरी सुटसुटीत प्रश्न विचारायचे, उत्तर नीट वाचायचे आणि पुन्हा विचारायचे ही शिस्त शुश्रूषेचीच होती. ज्याला हाताने शिवणे गरजेचे होते, त्याच्यासाठी मात्र त्यांनी पत्रावर भागवले नाही. कुष्ठरोगाने गांजलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आश्रमात आले, तेव्हा आपल्या कुटीजवळच त्यांना झोपडी करून दिली आणि त्यांच्या अंगाला गांधीजी स्वतः मालीश करीत. काय दुरून होते आणि कशासाठी जवळच जावे लागते, याचा विवेक इथल्या मातीत तेव्हापासून आहे.

आता एक फोन जवळून पाहू. रात्रीचे दहा वाजलेले, लेकरू पाच आठवड्यांचे, आई पहिलटकरीण. 'सिस्टर, लेकरू दम टाकून राहिलं जी. दूधही पिऊन नाही राहिलं.' एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. सर्दीने नाक चोंदलेले असेल, न्यूमोनियाही असेल. अनुभवी सिस्टर आधी आईला खाली बसायला सांगते. बाळाचा अंगरखा वर करायला लावते, फोन स्पीकरवर ठेवून बाजूला ठेवायला सांगते आणि म्हणते, 'पोट वर आलं की दर वेळी हं म्हण. मी मोजते.' मग पूर्ण एक मिनिट पलीकडून येते ते फक्त 'हं... हं... हं...' आणि अलीकडे घड्याळाचा काटा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर ते धोक्याचे. एकदा मोजून भागत नाही. जास्त आले तर पुन्हा मोजायचे, कारण लहान बाळांचा श्वास मुळातच अनियमित असतो. त्यानंतरचे प्रश्न ठरलेले आहेत. छातीखाली खड्डा पडतो का? कण्हते का? अंग गार की गरम? हातपाय हलवते की लुळे पडले आहे? यातल्या एकाचेही उत्तर वाईट आले तर फोनवरचा सल्ला एकच: बाळाला छातीशी धरा, कापडात गुंडाळा, १०८ला फोन लावा, मी पुढच्या दवाखान्यात कळवते.

या मिनिटात यंत्र म्हणाल तर साधा मोबाइल आणि मनगटी घड्याळ. बाकी सगळे ज्ञान आहे, आणि घाबरलेल्या बाईच्या डोळ्यांनी पाहण्याचे कसब आहे. वॉर्डात सिस्टर स्वतः पाहते. फोनवर तिला दुसऱ्याला पाहायला शिकवावे लागते. त्यामुळे फोनवरची शुश्रूषा खाटेजवळच्या शुश्रूषेपेक्षा सोपी आहे, हा समज मला अजिबात मान्य नाही.

इन्सुलिनचे उदाहरण घ्या. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या येतात, तर काही इन्सुलिन १०० युनिटची असतात. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४०च्या सिरिंजचे टोपण लाल, १००च्या सिरिंजचे केशरी. मेडिकलवाल्याकडे एक संपली आणि दुसरी दिली गेली, की घोळ होतो. १०० युनिटच्या बाटलीतले इन्सुलिन ४०च्या सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत भरले, तर अंगात वीसच्या जागी पन्नास युनिट जातात, म्हणजे अडीच पट. मग पहाटे घाम फुटतो, बोलणे बरळते, माणूस बेशुद्ध पडतो. फोनवर 'टोपण कोणत्या रंगाचं?' असे विचारले तर लाल आणि केशरी दोन्हींचे उत्तर 'लालच' असे येऊ शकते. म्हणून शहाणी सिस्टर रंगावर थांबत नाही. सिरिंजवरचा शेवटचा आकडा वाचायला सांगते, बाटलीवरचा आकडा वाचायला सांगते आणि घरात शाळेत जाणारे पोर असेल तर त्याला फोनवर बोलावते. आकडे नीट वाचणारा त्या घरातला तोच असू शकतो.

तसेच गोळ्यांचे. हृदयात यांत्रिक झडप बसवलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन जन्मभर घ्यावे लागते. ते कमी झाले तर झडपेवर गाठ धरते, जास्त झाले तर रक्तस्राव होतो. दुकानात पट्टी कापून चार-पाच गोळ्या दिल्या जातात आणि कापलेल्या तुकड्यावर ना नाव उरते, ना मिलिग्रॅम. 'पिवळी गोळी अर्धी घेतो' या वाक्यावर कुणी सल्ला देऊ नये. पट्टीचा फोटो मागवणे, आधीचे पाकीट शोधायला लावणे आणि तेवढ्याने न जमल्यास जवळच्या आरोग्य केंद्रात गोळी दाखवायला पाठवणे, हीच फोनवरची खरी शुश्रूषा. तिला वेळ लागतो.

आता मिळणाऱ्या फायद्याचे बोलू. हृदय कमजोर झालेल्या रुग्णांवर अर्जेंटिनात एक मोठा प्रयोग झाला. ५१ केंद्रांतले १५१८ रुग्ण त्यात होते आणि त्याचे निष्कर्ष २००५मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. निम्म्या रुग्णांना प्रशिक्षित परिचारिका ठरावीक दिवसांनी फोन करीत: आधी दर पंधरवड्याला, पुढे रुग्णाच्या प्रकृतीप्रमाणे कमी-जास्त. पथ्य पाळता का, गोळ्या घेता का, दम लागतो का, वजन वाढले का, पाय सुजले का, चालता का, एवढेच विषय. मृत्यू किंवा हृदय बिघडल्यामुळे दवाखान्यात भरती, यांपैकी काहीतरी घडलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारातल्या गटात ३१ टक्के होते, तर फोन जाणाऱ्या गटात २६.३ टक्के. फरक पडला तो मुख्यतः भरती टळल्यामुळे. निव्वळ मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. आष्टीच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने भरती टळणे ही लहान गोष्ट नव्हे.

या प्रयोगातली एक बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या परिचारिकांना लघवी वाढवणाऱ्या गोळीची मात्रा कमी-जास्त करण्याचा अधिकार होता. पायावर सूज, तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलेले, असे कळले की 'दोन दिवस एक गोळी जास्त घ्या' असे त्या सांगू शकत. विचारण्याबरोबर करण्याचीही मुभा त्यांना होती. आपल्या सिस्टरला यातले काही करता येत नाही. सूज वाढल्याचे तिला कळते, काय करायचे हेही बहुधा कळते. तरी डॉक्टर गाठेपर्यंत 'तुम्ही या' यापलीकडे ती बोलू शकत नाही. आणि रुग्ण तर येता येत नाही म्हणूनच फोन करतो.

नुसता फोन वाजवल्याने काही होत नाही, हेही आपल्याच देशात पाहून झाले आहे. दक्षिण भारतात एचआयव्हीच्या ६३१ रुग्णांवर एक अभ्यास झाला. आठवड्याला एक यंत्राचा बोलका फोन आणि एक चित्रसंदेश, गोळ्या चुकू नयेत म्हणून. निष्कर्ष २०१४मध्ये आले: गोळ्या घेण्यात किंवा आजार आटोक्यात राहण्यात काही फरक पडला नाही. गोळी चुकते त्याची कारणे विसरण्यापलीकडची असतात. बसला पैसे नसतात, गोळीने मळमळते, सासरी सांगितलेले नसते. या गोष्टी यंत्राला कोण सांगणार? सिस्टरला सांगतात, तेही ती ओळखीची असेल तर.

इंग्लंडमध्ये १९९८ साली परिचारिकांनी चालवलेली एनएचएस डायरेक्ट ही दूरध्वनी सेवा सुरू झाली, ती २०१४मध्ये बंद होऊन तिच्या जागी १११ आली. तिथे पहिला फोन बहुधा परिचारिका उचलत नाही, संगणकावरचे प्रश्न वाचणारा कर्मचारी उचलतो. स्वीडनमध्ये ११७७ या क्रमांकावर आजही परिचारिकाच बोलतात. त्याच २०१४मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसले, की त्याच दिवशी डॉक्टर हवा म्हणणाऱ्यांशी आधी परिचारिका फोनवर बोलली, तर पुढच्या २८ दिवसांतले एकूण संपर्क ४८ टक्क्यांनी वाढले. डॉक्टरांनी फोन केला तरी ३३ टक्क्यांनी वाढले. खर्च वाचला नाही. फोन आला की ओपीडीतली गर्दी हटेल, अशा हिशेबाने कुणी ही सेवा उभी करणार असेल, तर त्याने हा अभ्यास आधी वाचावा. फोनवर शुश्रूषा केल्याने काम कमी होत नाही. ते वाटले जाते, आणि आजवर ज्यांच्यापर्यंत पोचत नव्हते त्यांच्यापर्यंत पोचते.

फोनवर हुकणाऱ्या गोष्टी मोठ्या आहेत. रंग दिसत नाही. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. या आजारात लहान मुलाच्या प्लीहेत अचानक रक्त साठते, ती मोठी होते आणि मूल काही तासांत पांढरे पडते. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली आईला ते पांढरेपण दिसेलच असे नाही, आणि व्हिडिओ कॉलवर तर सगळेच चेहरे फिकट दिसतात. म्हणून अशा आईला आधीच, दवाखान्यात असतानाच, डाव्या बरगडीखाली हात ठेवून प्लीहा चाचपायला शिकवावे लागते. मग फोनवर 'डावीकडं टणक लागतं का? काल लागत होतं त्याहून खाली आलं का?' या प्रश्नाला अर्थ येतो. ही शिकवणी न झालेल्या घरी हा प्रश्न वाया जातो.

मण्यार चावलेला माणूस तर फोनवर सर्वांत जास्त फसवतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते, सूज नाही, दात उमटलेले दिसत नाहीत. पहाटे तो सांगतो पोट दुखते, उलटी आली. 'काल काय खाल्लं?' असे विचारले की चूक तिथेच झाली. खाली झोपला होता का, पापण्या जड झाल्या का, बोलताना जीभ अडखळते का, गिळता येते का, हे आधी विचारायला हवे. आणि एकाही उत्तरात शंका आली तर बोलणे थांबवून गाडी. इथे फोनवरचे प्रत्येक जास्तीचे मिनिट रुग्णाच्या श्वासातून वजा होते.

आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल सभा-संमेलनांत फारसे बोलले जात नाही. फोन कुणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशभरात ५४ टक्के निघाले. म्हणजे उरलेल्या बाईची तब्येत नवऱ्याच्या, दिराच्या, नाहीतर मुलाच्या फोनवरून विचारावी लागते. तो शेतात असतो. घरी असला तरी फोन स्पीकरवर असतो आणि भोवती माणसे. बाळंत होऊन दहा दिवस झालेल्या बाईला अंगावरून जाणाऱ्या स्रावाला वास येतो का, टाके दुखतात का, मनात काही वाईट विचार येतात का, हे कसे विचारायचे? सिस्टर हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न करते. 'मी विचारते, तू फक्त हो म्हण नाहीतर नाही म्हण.' मारहाणीची शंका आली तर तेवढेही विचारता येत नाही. मग ती आशाताईला फोन करून त्या घरी काहीतरी निमित्त काढून जायला सांगते. अशा वेळी दारात जाणारे माणूस हवे. त्यावाचून फोन पांगळा आहे.

म्हणूनच मला सेवाग्रामचा जुना अनुभव मोलाचा वाटतो. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथे विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीला एक गाव दत्तक दिले जाते, ते तिथे जाऊन राहतात, घरोघर फिरतात. डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत आरोग्यविम्याची योजना उभी केली. वर्गणी ज्वारीच्या रूपात, सुगीच्या वेळी, ऐपतीप्रमाणे. आणि गावाचा स्वतःचा आरोग्यसेवक. त्या काळी गावात फोन नव्हते. पण आज फोनवरच्या शुश्रूषेला जे लागते ते सगळे त्यात होते: दवाखाना गावाला ओळखतो, गाव दवाखान्याला ओळखते, आणि मध्ये एक माणूस आहे ज्याला दोन्हीकडचे नावानिशी ठाऊक आहेत. अनोळखी नंबरावरून आलेला फोन आज कुणी उचलत नाही. ओटीपी मागणाऱ्या भामट्यांनी लोकांना शहाणे केले आहे. 'मी तुमच्या वॉर्डातली सिस्टर' असे म्हणताच पलीकडचा आवाज सैल पडतो, तो आधी समोरासमोर झालेल्या ओळखीमुळे.

कोरोनाने हे सारे एकदम मोठ्या प्रमाणावर करायला लावले. वर्धा जिल्ह्यात पहिला रुग्ण २०२०च्या मे महिन्यात, आर्वी तालुक्यात सापडला. पुढे घरीच विलग राहणाऱ्यांना रोज फोन करायचे काम परिचारिका, आशा, शिक्षक अशा अनेकांवर आले. ऑक्सिमीटरवर ९४च्या खाली आकडा गेला का, सहा मिनिटे चालून पाहिल्यावर तो तीनाने उतरला का, हे विचारून कितीतरी माणसे वेळेत दवाखान्यात गेली. आणि नखाला रंग आहे, बोट गार आहे म्हणून आकडा चुकीचा येतो, हे फोनवरच समजावून कितीतरी घरांची घालमेल थांबली. साथ ओसरली आणि फोनच्या याद्या कपाटात गेल्या.

सरकारी सोयी आज नाहीत असे नाही. १०८ची गाडी २०१४पासून आहे, आरोग्य सल्ल्यासाठी १०४ आहे, मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ आहे. ई-संजीवनीवर उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी गावातल्या रुग्णाची दूरच्या डॉक्टरशी गाठ घालून देतो. पण २५ मार्च २०२० रोजी आलेली टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. त्यांत परिचारिकेचे स्थान रुग्णाला डॉक्टरपर्यंत नेणाऱ्या मदतनिसाचे आहे. ती स्वतः फोनवर जे सांगते, शिकवते, ताडते, त्याची जबाबदारी आणि त्याचे संरक्षण दोन्ही धूसर राहते. सल्ला चुकला तर ती एकटी. बरोबर ठरला तर कागदावर काहीच नाही. १९४७च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा आला आहे. फोनवरच्या कामाचे नियम घालायचे असतील तर ते ठिकाण आता उपलब्ध आहे.

तोवर वॉर्डातल्या सिस्टरचा खाजगी मोबाइल वाजत राहतो. रिचार्ज तिचा, झोप तिची. भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणाप्रमाणे अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. वॉर्डात उभे राहून कुणीही मोजून पाहावे किती आहेत. रात्रपाळीत वीस-पंचवीस खाटा सांभाळणाऱ्या बाईला गेल्या महिन्यात सुट्टी झालेल्या माणसाचा फोन येतो, तेव्हा ती तो उचलते तो केवळ माणुसकीने. मला या माणुसकीचे कौतुक करून थांबायचे नाही. तिच्या माणुसकीवर व्यवस्था फुकट चालवणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि ज्या रुग्णाकडे कुणा सिस्टरचा नंबर नाही त्याच्यावरही आहे.

करायचे ते अवघड नाही. रुग्णालयाचा स्वतःचा एक फोन असावा, नंबर सुट्टीच्या कार्डावर छापलेला. तो सांभाळायला पाळीपाळीने एक अनुभवी सिस्टर, जिच्याकडे त्या वेळी एकही खाट नसेल. समोर रुग्णाचे केसपेपर, जवळ एक नोंदवही: कोण बोलले, काय विचारले, काय सांगितले, पलीकडच्याने ते परत म्हणून दाखवले का. मोजक्या आजारांत, डॉक्टरांनी आधी लिहून दिलेल्या मर्यादेत, गोळी कमी-जास्त करण्याची तिला लेखी मुभा. फोनवरून भागत नसेल तेव्हा दारात पाठवायला आशाताई, आणि त्या जाण्याचे आशाताईला पैसे. रुग्ण फोन करील याची वाट न पाहता हृदय, झडप, इन्सुलिन, सिकलसेल आणि कमी वजनाची बाळे या घरांना रुग्णालयानेच आधी फोन करावा. सुरुवात आष्टी, कारंजा, समुद्रपूर अशा लांबच्या तालुक्यांपासून व्हावी, कारण वर्ध्याजवळच्या गावचा माणूस उद्या येऊ शकतो. आणि सुट्टी देताना पंधरा मिनिटे राखून, फोन येईल तेव्हा काय पाहायचे, काय मोजायचे, कोणता आकडा वाचायचा, हे रुग्णाला आणि घरच्या एका माणसाला सिस्टरने समोर बसवून शिकवावे. ती पंधरा मिनिटे ड्यूटीच्या तक्त्यात लिहिलेली असावीत.